कॅनॉल खाली जाणार, मग वरची पट्टी कुणाची?

माझ्या मावसभावाचा फोन वर्षातून तीन-चार वेळा हमखास येतो आणि तब्येतपाणी विचारून झालं की प्रश्न एकच असतो, "ताई, पाणी कुठवर आलंय?" तो यवतच्या पुढं शेती करतो, मी पर्वतीच्या पायथ्याला राहते, आणि खडकवासल्यातनं निघणारा मुठा उजवा कालवा माझ्या घरावरनं त्याच्या रानाकडं जातो. पुण्यात त्याला कालवा कुणी म्हणत नाही, सगळे कॅनॉलच म्हणतात. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडलं, की संध्याकाळी फिरायला गेल्यावर मी बघायचं आणि त्याला सांगायचं, काठोकाठ आहे, नाहीतर अर्धाच आहे, नाहीतर आज नुसता गढूळ लोंढा कचरा ढकलत चाललाय. पाटबंधारे खात्याचे आकडे त्याला व्हॉट्सॲपवर मिळतातच, पण त्याचा विश्वास माझ्या डोळ्यांवर जास्त.

तर हा कॅनॉल आता शहरातनं नाहीसा होणार आहे. म्हणजे पाणी जाणार आहे जमिनीखालनं. खडकवासला ते फुरसुंगी साधारण २८ किलोमीटरचा बोगदा, खर्च दोन हजार कोटींच्या पुढं, राज्य सरकारची मंजुरी मिळालेली आहे, आणि हिशोब असा सांगतात की गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून वर्षाला दोन-अडीच टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी वाचेल. खडकवासला धरणाची स्वतःची साठवण १.९७ टीएमसी, म्हणजे दरवर्षी एक अख्खं खडकवासला वाटेत जिरतंय, उडतंय आणि पळवलं जातंय असं समजा. यापुढं मी काय बोलणार. बोगद्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्यात एखाद्या जुन्या गोष्टीबद्दल जरा मायेनं लिहिलं की लोक धरूनच चालतात, ही बाई आता कोर्टात जाऊन स्टे आणणार. मला एवढंच म्हणायचंय की पाणी खाली न्या, पण वरची जमीन कशासाठी राहणार हे खोदकाम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा, आणि त्यात गाड्यांचा रस्ता नको.

असं का म्हणते ते सांगायला मला वर्षभराचा कॅनॉल सांगावा लागेल. शनिवारी सकाळी एकदा जाऊन फोटो काढणाऱ्याला तो कळत नाही, तेव्हा त्याला तिथं फक्त प्लास्टिक दिसतं (आणि प्लास्टिक आहेच, खोटं कशाला बोला).

कॅनॉलचं कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं आहे. नदीला पावसाळ्यात पाणी येतं, कॅनॉलला शेतकऱ्याला हवं तेव्हा. जुलै-ऑगस्टमध्ये पुणेकर भिडे पूल बुडाला का ते बघायला नदीवर गर्दी करतात, त्यावेळी इकडं कॅनॉलच्या भरावावर आघाडा, टाकळा, दूर्वा, माका नुसतं माजलेलं असतं. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पहाटे तिथं बायका पिशव्या घेऊन पत्री तोडताना दिसतात, त्यातल्या काही घरापुरती नेणाऱ्या आणि काही मंडईत विकायला बसणाऱ्या. एकीला मी एकदा विचारलं की मावशी किती वाजता येता, तर म्हणाली, "चारला. उशीर केला की दुसरी नेती, आघाडा कुणाच्या बापाचा हाय का?" तिच्या बोलण्यातलं मला आवडलं ते हेच, की या पट्टीवर अजूनतरी कुणाच्या बापाचं नाव नाही.

मग नवरात्राच्या आधीचा पंधरवडा, हा माझा सगळ्यात आवडता. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं धुवून काढायची पद्धत, आणि गोधडी काही वॉशिंग मशीनमध्ये बसत नाही, दहा बाय दहाच्या खोलीतल्या मोरीत तर नाहीच नाही. त्यामुळं त्या दिवसांत कॅनॉलला पाणी असेल तर वस्तीतल्या बायका गोधड्यांचे गठ्ठे घेऊन काठावर. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. एक बाई या टोकाला, दुसरी त्या टोकाला, दोघी विरुद्ध दिशेनं पिळतात आणि मधोमध दोरखंडासारखा पीळ पडून पाण्याची धार लागते, मग ती गोधडी भरावावर पसरतात, आणि दुपारपर्यंत सगळा उतार जुन्या साड्यांच्या रंगांनी भरून जातो. शेजारच्या सोसायटीतले एक काका दरवर्षी यावर तक्रार करतात की पिण्याचं पाणी घाण होतंय. काकांना मी सांगितलं की पर्वती जलकेंद्राला खडकवासल्याचं पाणी आता बंद पाइपातनं येतं, उघड्या कॅनॉलमधनं नाही. त्यांना पटलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यांची गोधडी मी तिथंच वाळताना बघितली, कामवाल्या मावशींनी नेली होती.

थंडीत रब्बीचं आवर्तन असतं आणि पहाटे सहाला पाण्यावरनं वाफ निघते. करडे धोबी पक्षी येतात, शेपटी वरखाली करत काठाच्या दगडांवर नाचतात, आणि कानटोपी घातलेली आजोबा मंडळी, ज्यांचे गुडघे गेलेले आहेत, ती इथंच चालतात. त्यांना टेकडीचा उपयोग नाही, फुटपाथवर मोटारसायकली. इथं एक गंमत आहे जी मला बरीच वर्षं कळलीच नव्हती. कॅनॉलकाठची वाट इतकी सपाट का, तर कॅनॉलचं पाणी पंपाविना, नुसत्या उतारानं चालतं, आणि तो उतार इतका नावापुरता ठेवलेला असतो की पायांना कळतच नाही. डोंगर आडवा आला की कॅनॉल त्याला वळसा घालून एकाच उंचीवरनं पुढं सरकतो, म्हणून तर तो पर्वतीच्या पायथ्यानं असा वाकडातिकडा गेलाय. हिंगणे, दांडेकर पूल, पर्वती, स्वारगेट, रेसकोर्सच्या बाजूनं हडपसर, एवढ्या चढउताराच्या शहरात पश्चिमेकडनं पूर्वेकडं जाणारी ही एवढीच सलग, जवळजवळ सपाट आणि सरकारी मालकीची पट्टी उरलेली आहे. आज अशी पट्टी नव्यानं करायला गेलात तर भूसंपादनातच दोन पिढ्या जातील.

उन्हाळ्यात मात्र भीती वाटते. एप्रिल-मेचं आवर्तन जोरात असतं, वस्तीतली पोरं पुलावरनं उड्या मारतात, आणि काठ तिरके, गुळगुळीत, धरायला काही नाही, दर वर्षी कुणीतरी वाहून गेल्याची बातमी असतेच. कॅनॉलचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही, आणि म्हणूनसुद्धा सात-आठ फूट पाणी वेगानं वाहणारा उघडा कॅनॉल लाखोंच्या वस्तीतनं न्यावा असं मी म्हणत नाही.

आणि पाणी बंद झालं की चार दिवसांत तळ. हे दृश्य कुणी पर्यटनाच्या ब्रोशरमध्ये छापणार नाही. चपला, नारळ, देवांचे फ्रेम केलेले फोटो, एक अख्खी मोपेड, आणि खड्ड्यात उरलेल्या पाण्यात अडकलेले मासे. एकदा तीन पोरांनी जुनी साडी दोन बाजूंनी धरून ते मासे गोळा केले आणि माझ्यासमोर वाटण्यावरनं भांडले, कारण ज्याची साडी त्याचा जास्त वाटा असा एकाचा दावा होता. आईला विचारून आणली होती का विचारल्यावर तो गप्प.

एवढं सगळं जिथं होतं ते शहराच्या नकाशावर काय म्हणून दाखवलंय? कालवा. एवढंच. ना बाग, ना घाट, ना वाट. आणि जे कागदावर नसतं ते एका रात्रीत दुसरंच काहीतरी होऊ शकतं, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. याच खडकवासल्याला डावा कालवापण होता. वारजे, कर्वेनगर, एरंडवण्याकडनं खडकीच्या बाजूला जाणारा. प्रभात रोडवर त्याची जागा शोधायला मी एकदा मुद्दाम गेले होते, एका बंगल्याच्या वॉचमनला विचारलं की दादा इथं कॅनॉल कुठंय, तो म्हणाला, "कॅनॉल? ह्योच की रोड." खरंच, पाटीवर कॅनॉल रोड लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. डाव्या कालव्याचं नाव तेवढं शिल्लक राहिलं आणि पार्किंगला जागा झाली. उजव्याचं तसंच होणार नाही याची हमी आज कुणी दिलीय? मोकळ्या होणाऱ्या जागेवर रस्ता करायची चर्चा पेपरात अधूनमधून येतेच.

रस्त्याच्या बाजूनं बोलणारे माझे मित्रच आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फालतू नाही. सिंहगड रोडवर रोज तासभर घालवणाऱ्या माणसाला धोबी पक्षी सांगून काय उपयोग. पण जरा नकाशा समोर घ्या. कॅनॉल सरळ जात नाही, टेकडीच्या कडेनं वळणं घेतो, रुंदी सगळीकडं सारखी नाही, आणि शहराच्या मध्यातनं बाहेर जाणारे मोठे रस्ते, सिंहगड रोड, सातारा रोड, सोलापूर रोड, त्याला आडवे येतात. तिथं गाड्यांचा रस्ता केलात की प्रत्येक ठिकाणी एक नवा चौक, एक नवा सिग्नल, आणि मग त्या सिग्नलवर उड्डाणपूल. चालणाऱ्याचं आणि सायकलवाल्याचं तसं नाही. कॅनॉल या रस्त्यांच्या पुलाखालनंच तर जातो! म्हणजे पाणी गेल्यावर तळातनं जाणारी वाट सातारा रोडला न अडता पलीकडं निघेल. काही पुलांखाली डोकं आपटेल, तिथं थोडं खोदावं लागेल, पण दीडशे वर्षांपूर्वी आखलेला विनासिग्नलचा मार्ग आयता मिळतोय तो बुजवून सिग्नल उभे करण्यात काय शहाणपण आहे ते मला समजत नाही.

दीडशे वर्षं म्हटलं ते ओघात नव्हे. कर्नल फाईफ नावाच्या इंजिनिअरनं खडकवासल्याला धरण आखलं, १८६९ ते १८७९ असं काम चाललं, तलावाला नावच लेक फाईफ पडलं. दुष्काळी पूर्व भागाला पाणी आणि पुणे शहर नि लष्कराला पिण्याचं, असा दुहेरी हेतू होता, आणि मूळ उजवा कालवा ११२ किलोमीटर, पार पाटसपर्यंत. म्हणजे शहर आणि शेतकरी यांचं भांडण त्या आराखड्यातच लिहून ठेवलेलं आहे, आज आपण फक्त त्याचे पुढचे अंक बघतोय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, तेव्हा नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा वाड्यांतल्या विहिरी आणि हौदांकडं वळले. ते हौद पेशवाईतले, कात्रजच्या तलावातनं जमिनीखालच्या दगडी नळानं भरणारे. म्हणजे बघा, पुण्यानं आधी पाणी जमिनीखालनं आणलं, मग इंग्रजांनी उघड्यावर आणलं, आता आपण परत खाली चाललोय. त्यामुळं बोगदा म्हणजे परंपरेचा घात वगैरे बोलणाऱ्यांनी थोडं थांबावं. पेशव्यांचा नळ आज शहराखाली कुठं तुटलाय, कुठं बुजलाय, कुठल्या इमारतीच्या पायानं अडवलाय, याचा मात्र पत्ता लावावा लागतो, कारण वर कुणाला दिसत नव्हता आणि वरच्या जमिनीवर त्याचा कुठलाही हक्क राखलेला नव्हता.

उघडा कॅनॉल सुरक्षित होता असंही नाही. २७ सप्टेंबर २०१८, गणपती बुडवून चारच दिवस झालेले, सकाळी अकराच्या सुमाराला जनता वसाहतीजवळ भराव फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं. शेकडो घरं. कामावर गेलेली माणसं परत आली तर घरात भांडीसुद्धा जागेवर नाहीत. मंत्र्यांनी तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फोडलं आणि आठवडाभर पुण्यात खेकड्यांवर विनोद चालले, पण ज्यांचं घर वाहून गेलं त्यांना हसू आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले होते, एका आजींनी दोरीवर नोटा वाळत घातल्या होत्या, चिमटे लावून, पाचशेच्या, मोजून अकरा. त्या नोटांकडं बघत बसल्या होत्या, हलायला तयार नव्हत्या. तेव्हापासनं मी बोगद्याविरुद्ध एक शब्द बोललेले नाही.

पण याच वस्त्यांचं पुढं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. पाण्याची भीती गेली की कॅनॉलकाठची जमीन एकदम भारी किमतीची होणार, आणि भराव फुटायचा धोका ज्यांनी इतकी वर्षं सोसला तेच पहिल्यांदा अतिक्रमण ठरणार. आजवर तिथं बिल्डरला रस नव्हता कारण मागच्या खिडकीतनं वास यायचा. म्हणून मी म्हणते की पट्टी सार्वजनिक राहील हे लिहिताना त्या काठावर राहणाऱ्यांचंही त्याच कागदावर लिहा, नाहीतर उद्या 'सुशोभीकरण' नावाचा बुलडोझर येईल आणि गोधड्या धुणाऱ्या बायकांना तिकीट काढून बाकड्यावर बसावं लागेल.

अजून एक, गळतीचं. वाया जाणारं म्हणतात ते सगळं पाणी वाया जात नाही. भरावातनं झिरपणाऱ्या पाण्यावर काठचे उंबर, करंज, मोठमोठी वडाची झाडं उभी आहेत, आसपासच्या विहिरी आणि बोअर त्यावर भरतात. कॅनॉल कायमचा कोरडा पडला की काही वर्षांत टँकरवाल्यांचे दिवस येतील आणि मग आपण म्हणू की हवामान बदललं. त्यासाठी पूर्ण कॅनॉल भरलेला ठेवायची गरज नाही. मुंढव्याला जॅकवेलमधनं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतनं, शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कॅनॉल नावाच्या शेतीच्या कालव्यात सोडतात, म्हणजे वापरलेलं पाणी कालव्यात सोडायचा मार्ग याच शहरानं काढलेला आहे. ते पाणी किती स्वच्छ असतं याबद्दल दौंडकडच्या लोकांना विचारा, शिव्या ऐकायला मिळतील आणि त्या रास्त आहेत. तरी नीट शुद्ध केलेल्या पाण्याची घोटाभर खोल धार शहरातल्या पट्टीत ठेवता येणार नाही असं मला कुणी सांगू नये. शिवाय तळजाई-पर्वतीच्या उतारावरनं येणारं पावसाचं पाणी हा कॅनॉल आडवा झेलू शकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं जे केलं ते आठवत असेल तर पावसाळ्यात रिकामा राहणारा खोलगट पट्टा किती कामाचा आहे हे वेगळं सांगायला नको. त्यावर डांबर घातलं की ते पाणी पुन्हा ओढ्यातच आणि ओढ्यातनं पुन्हा घरातच.

नेदरलँडमध्ये उट्रेख्ट नावाचं शहर आहे, तिथं १९७० च्या दशकात शहराच्या जुन्या कालव्याचा एक भाग कोरडा करून तिथनं मोटारींचा मोठा रस्ता नेला. २०२० मध्ये त्यांनी तोच रस्ता काढून टाकून परत पाणी सोडलं. पन्नास वर्षं आणि दोनदा खर्च. आपल्याकडं एकदाच्या खर्चाला पैसे नसतात.

हे सगळं मी मावसभावाला एकदा फोनवर ऐकवलं, मोठ्या उत्साहात. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमाला फिराया पट्टी पायजे, झाडं पायजेत, ठीक हाय. पर ते पाणी आमच्या उसाचं हाय. तुमचा मंजूर कोटा साडेअकरा टीएमसी, तुमी उचलताय किती?" मी गप्प. कारण शहर त्याहून कितीतरी जास्त उचलतं हे मलाही माहीत आणि त्यालाही. बोगद्यानं वाचलेलं पाणी खरंच त्याच्यापर्यंत जाईल की ते पण वाटेत शहरच पिऊन टाकेल, हा त्याचा खरा संशय आहे, आणि मला तो कॅनॉलच्या सगळ्या सौंदर्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. उघड्या कॅनॉलचा एक फायदा असा होता की तो खोटं बोलू शकत नव्हता. पाणी आहे की नाही ते पुलावर उभा राहिलेला कुठलाही माणूस सांगू शकायचा, पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी सांगायचा, गोधडी धुणारी बाई सांगायची. बोगद्यात किती सोडलं आणि फुरसुंगीला किती निघालं हे फक्त मीटर सांगणार आणि मीटर फक्त साहेबाला दिसणार. म्हणून माझी अजून एक मागणी त्या कागदात घाला, बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी मोजमाप लावा आणि त्याचा आकडा रोज, कुणीही बघू शकेल असा, रस्त्यावरच्या बोर्डावर लावा. पेट्रोलचा भाव लावतो तसा.

परवा त्याचा परत फोन आला होता. उन्हाळी आवर्तन सुटलंय. मी चप्पल अडकवून पुलावर गेले, बघितलं, आणि सांगितलं की अजून तळच दिसतोय, दगडांवर धोबीसुद्धा नाहीत आता, गेले परत. "बरं," म्हणाला, "रात्री परत बघ."